वसईत निर्मितीचा काळ पाळायचाय? मग बावखलापासून सुरुवात करा

1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, चर्च निर्मितीचा काळ पाळतं, म्हणजे देवाने निर्माण केलेल्या सृष्टीची काळजी घेण्याचे दिवस. बऱ्याच ठिकाणी तेव्हा रोपं लावतात, फोटो काढतात आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी कोण घालणार हे ठरलेलंच नसतं. म्हणून माझं म्हणणं, आपल्या वसईच्या गावांत आधी पाण्याकडे बघा, बावखल (बागायतीसाठी खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं) वाचलं तर विहीर आणि वाडी दोन्ही वाचतात.

पहिलं काम फादरांशी बोलायचं. कोणीतरी म्हणणारच की देवाने माणसाला पृथ्वीवर सत्ता दिलीय, मग हे कशाला. त्यांच्याशी वाद नको, बायबलमधल्या उत्पत्तीचा दुसरा अध्याय, 15वी ओवी वाचायला द्या, तिथे देव माणसाला बागेत ठेवतो तो मशागत आणि राखण करायला. पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं 2015 चं परिपत्रक 'लाउदातो सी' पण आहे, ते प्रवचनात थोडं थोडं घेता येतं.

सप्टेंबरमध्ये बावखलं भरलेली असतात, गाळ काढणं शक्यच नाही, तेव्हा फक्त पाहणी करा. धर्मशिक्षणाच्या मुलांना मोठ्या माणसांबरोबर पाठवा (एकटं अजिबात नाही, काठ निसरडे असतात) आणि गावातली बावखलं नकाशावर मांडायला सांगा, कुठलं शाबूत आहे, कुठल्यात डेब्रिज टाकलंय, कुठलं बुजवून टाकलंय. म्हातारी माणसं नीट सांगतात, त्यांना विचारा.

मग मालकी. हे सगळ्यात अवघड, कारण एका बावखलाला बरेचदा तीन-चार घरं वाटेकरी असतात, त्यातलं एखादं मुंबईला किंवा परदेशात, सगळ्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय फावडं लावू नका, नाहीतर भांडणं होतात आणि कामच बंद पडतं.

खरं श्रमदान उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत ठेवा. हा काळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतर पाणी उतरत जातं आणि लोक तसेही त्यागाची तयारी करत असतात, तर मटण सोडण्याबरोबर रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) दोन तास गाळ काढायचे. प्लास्टिक आणि काचा आधी वेगळ्या काढा, मग चांगला गाळ केळीच्या वाडीत टाका. उरलेलं काम मे महिन्यात, पाऊस यायच्या आत.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर प्लास्टिकची फुलं आणि थर्माकोल नको, हे आठवडाभर आधी मिस्सात जाहीर करायला सांगा, वाडीतली झेंडूची फुलं चालतात.