एनक्लेक्स देताय? या चुका टाळा

सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबईत उतरायचं, स्टेशनवर तोंड धुऊन चहा घ्यायचा आणि थेट परीक्षा केंद्र गाठायचं. एनक्लेक्स म्हणजे अमेरिकेत नर्सिंगचा परवाना मिळवण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा. ती देताना पहिल्या वेळी मी हेच केलं. त्याच्या आदल्या रात्री नाइट ड्युटीही केली होती. साठाव्या प्रश्नाच्या आसपास एकच ओळ चारचार वेळा वाचत होते. नापास झाले. पुन्हा बसायला किमान 45 दिवस थांबावं लागतं. ते दिवस मी आपलं कुठे चुकलं हे शोधण्यात घालवले. आता इथल्या सिस्टर-ब्रदरना अभ्यासात मदत करते, तर त्यांच्याकडूनही बहुतेक त्याच चुका होताना दिसतात.

“पेपर अवघड जातोय, म्हणजे गेलाच”

सगळ्यात जास्त नुकसान या एका विचाराने होतं. ही परीक्षा आपल्या विद्यापीठाच्या पेपरसारखी नसते. तुम्ही उत्तर दिलंत की संगणक तुमच्या क्षमतेचा अंदाज घेतो आणि पुढचा प्रश्न असा काढतो, की तो तुम्हाला येण्याची शक्यता साधारण निम्मी असावी. त्यामुळे हुशार मुलीलाही शेवटपर्यंत आपलं चुकतंय असंच वाटत राहतं. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुली इथे जास्त घाबरतात, कारण निम्मे प्रश्न न येण्याची त्यांना सवयच नसते.

प्रश्न कमीत कमी 85, जास्तीत जास्त 150, वेळ 5 तास. तुम्ही पास होण्याच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची 95 टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. म्हणून 85 ला बंद पडलं तरी पास किंवा नापास काहीही असू शकतं, आणि 86 वा प्रश्न आला म्हणजे संपलं असंही नाही. शिवाय पहिल्या 85 मध्ये 15 प्रश्न फक्त चाचणीपुरते असतात, त्यांचे गुण धरत नाहीत. एखादा प्रश्न अगदीच विचित्र वाटला, तर तो त्यातलाच असेल असं समजून पुढे जा. मागे तर जाताच येत नाही.

वॉर्डातली सवय

रक्त चढवायला सुरुवात होऊन दहा मिनिटं झालीत. रुग्णाला थंडी वाजतेय, कंबर दुखतेय म्हणतोय. आधी काय कराल? प्रत्यक्ष वॉर्डात तुमचा हात आधी रक्ताची नळी बंद करणाऱ्या क्लॅम्पकडेच जाईल. पण पेपरात बोट जातं “डॉक्टरांना कळवा” या पर्यायावर. मी असं कितीदा तरी पाहिलंय. वर्षानुवर्षं आपल्याला विचारल्याशिवाय काही करू नका असंच शिकवलेलं असतं, त्याचा हा परिणाम. इथे प्रश्न नर्सला विचारलाय. आधी रक्त बंद, मग नवीन सेट लावून सलाईन, मग डॉक्टरांना कळवणं. डॉक्टरांचा पर्याय कधीच बरोबर नसतो, असं मात्र धरू नका. नर्सच्या हातात होतं ते सगळं करून झालेलं असेल, तर तोच बरोबर ठरतो.

काम वाटून देण्याच्या प्रश्नांतही तसंच. आपल्याकडे रुग्णाला भरवणं, कूस बदलणं नातेवाईक करतात, बाकीचं वॉर्डातले मदतनीस मामा-मावशी बघतात. त्यामुळे कोणाला काय सांगायचं याचा आपण कधी नियम म्हणून विचारच केलेला नसतो. स्थिर रुग्णाचा बीपी, अंघोळ सहायकाकडे देता येते. पहिली तपासणी, रुग्णाला शिकवणं आणि उपचाराचा गुण आला का हे ठरवणं आरएनकडेच, म्हणजे नोंदणीकृत नर्सकडेच राहतं.

औषधांची नावंही बदललेली असतात. आपलं पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन, अॅड्रेनालिन म्हणजे एपिनेफ्रिन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल. वजन पौंडात दिलं असेल तर आधी 2.2 ने भागा. 110 पौंडांच्या रुग्णाला किलोमागे 5 मिलिग्रॅम डोस असेल तर उत्तर 250. भागायचं विसरलात तर 550 येईल, आणि तो आकडा बघताना काही चुकलंय असं वाटणारही नाही.

लागू पडतील ते सगळे पर्याय निवडा

अशी सूचना असलेल्या प्रश्नात जितके जास्त टिक तितके गुण जास्त, असं नसतं. अशा प्रश्नात बरोबर पर्यायाला एक गुण मिळतो आणि चुकीच्या पर्यायाला एक कापला जातो. प्रत्येक पर्याय वेगळा वाचून खरा की खोटा ते ठरवा.

अभ्यासाबद्दल एवढंच सांगेन, की रोज दोनशे प्रश्न सोडवल्याचा हिशेब ठेवू नका. पन्नास सोडवा, पण बरोबर आलेल्यांचंही स्पष्टीकरण वाचा. आपल्या गावात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही वेळी-अवेळी. त्या दिवशी अभ्यास होत नाही, तर वेळापत्रकात तो दिवस आधीच मोकळा सोडा. दरवेळी ठरवलेलं मोडलं की मन खचतं.

नाव

पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आणि परीक्षेच्या नोंदणीत माहेरचं, असं असेल तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी बुडते. मूळ फीच 200 डॉलर आहे. फॉर्म भरण्याआधी पासपोर्ट उघडून समोर ठेवा आणि स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा.

तो दिवस

दुसऱ्या वेळी मी तीन दिवस आधीपासून नाइट घेतली नाही. आदल्या दिवशी मुंबईत पोचले, केंद्र बघून आले आणि रात्री पुस्तक उघडलं नाही. परीक्षेत छातीत धडधड सुरू झाली की कच्च्या कामाचा मार्कर खाली ठेवायचा, श्वास घेतला त्यापेक्षा दुप्पट वेळ लावून सोडायचा, असं पाच वेळा. मिनिटभरात होतं. दोन तासांनी पहिली सुट्टी देतात. घड्याळ थांबत नाही, म्हणून पुष्कळजणी उठतच नाहीत. तुम्ही उठा. मी बाहेर येऊन कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीशी खाल्ला, पाणी प्याले, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा आत जाऊन बसले. मोबाइलला सुट्टीतही हात लावायचा नसतो, तो केंद्रात शिरतानाच बंद करून ठेवा.