पणजीत फ्लॅट घेताय? सांगितलेला भाव असा तपासा

पणजी, ताळगाव, पर्वरी या पट्ट्यात फ्लॅट बघायला सुरुवात केली की आधी मापांचाच घोळ होतो. एक एजंट भाव चौरस फुटात सांगतो, दुसरा चौरस मीटरमध्ये, तिसरा नुसतंच 'टू बीएचके, शहाण्णव लाख, थोडं कमी-जास्त होईल' म्हणतो. गोव्यात विक्रीखतं चौरस मीटरमध्ये होतात आणि जाहिराती मुंबई-दिल्लीच्या गिऱ्हाइकासाठी फुटात येतात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. पुढचे सगळे आकडे एकाच मापात मांडा. मी मीटर धरते, कारण सब-रजिस्ट्रारकडे तेच सापडतं.

मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. आता निवृत्त आहे, त्यामुळे गोतावळ्यात कुणाला फ्लॅट घ्यायचा असला की फोन मला येतो. 'मावशी, भाव बरोबर आहे का गं?' मी उलट विचारते, कार्पेट किती? समोरून शांतता. मग सुपर बिल्टअपचा आकडा सांगितला जातो, आणि त्यात जिना, लिफ्ट, प्रवेशाची लॉबी यांतला आपला वाटा, असं सगळं आलेलं असतं. हा वाटा किती धरायचा ते बिल्डरने ठरवलेलं असतं. शेजारशेजारच्या दोन इमारतींत तो सारखा असेलच असं नाही.

२०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्यात, कार्पेट एरियाची व्याख्या दिली आहे. आतल्या भिंतींसकट वापरता येणारी जागा त्यात धरायची. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. जुन्या खतांत मात्र बहुधा सुपर बिल्टअपच लिहिलेलं असतं. त्यावर उपाय एकच, मेजपट्टी घेऊन स्वतः मोजणं. एजंट जरा वैतागतो. वैतागू दे. खोलीखोलीचं माप कागदावर काढा, बाल्कनी वेगळी लिहा. बंद करून खोलीत घेतलेली बाल्कनी असेल तर मंजूर नकाशा मागा. नकाशात ती उघडी असेल तर तुमच्याही हिशेबात ती बाल्कनीच. मी बाल्कनीला निम्मा भाव लावते. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

माझ्या भाचीने पाहिलेला फ्लॅटच उदाहरणाला घेते. मेरशीच्या बाजूला, जुनी इमारत, चौथा आणि शेवटचा मजला. मागणी ९६ लाख, सांगितलेलं क्षेत्रफळ ११० चौरस मीटर. म्हणजे मीटरला साधारण ८७,३०० रुपये, ऐकायला ठीक. आम्ही मोजलं तर कार्पेट भरलं ७४. त्या हिशेबाने मीटरला १,२९,७०० च्या वर, म्हणजे फुटाला बारा हजार. भाचीच्या नवऱ्याने तिथेच जिन्यावर बसून दोनदा गुणाकार केला. आकडा तोच आला.

आता हा भाव कशाशी ताडून बघायचा? लोक जाहिरातीशी जाहिरात लावून बघतात, आणि इथेच फसतात. जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. गोव्यात या इच्छेला वेगळीच हवा लागलेली असते. किनाऱ्याजवळच्या आसगाव-शिवोलीला कुणी दिल्लीवाल्याने बंगला किती कोटींना घेतला याच्या गोष्टी पसरतात, आणि पर्वरीतला वीस वर्षांचा वन बीएचकेसुद्धा त्याच तोऱ्यात बोलायला लागतो. शहरातला फ्लॅट घेणारा बहुतेक नोकरदार असतो, मुलांची शाळा आणि ऑफिस बघून घेतो. तो किनाऱ्यावरच्या सेकंड होमचा भाव देत नाही, द्यायचं कारणही नाही.

ताडून बघायचं ते झालेल्या विक्रीशी. नोंदणी झालेली विक्रीखतं सब-रजिस्ट्रारच्या पहिल्या पुस्तकात असतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार त्या पुस्तकाचा इंडेक्स फी भरून कुणीही पाहू शकतो आणि खताची प्रतही मागू शकतो. पणजी-ताळगावचा फ्लॅट असेल तर तिसवाडी तालुक्याचं कार्यालय, पर्वरीचा असेल तर बार्देश तालुक्याचं, म्हणजे म्हापसा. स्वतःला वेळ नसेल तर टायटल सर्चसाठी, म्हणजे मालकीचे कागद तपासायला, तुम्ही वकील लावणारच आहात. त्यालाच सांगा की त्याच इमारतीतली गेल्या दोन-तीन वर्षांची खतंही काढ. फार थोडे लोक हे सांगतात. वकील आपणहून काढत नाही, कारण त्याचं काम मालकी बघण्याचं, भाव बघण्याचं नव्हे.

खतातला आकडा मात्र डोळे मिटून घेऊ नका. स्टॅम्प ड्युटी वाचवायला काही जण कमी रक्कम लिहितात आणि उरलेली रोख देतात. म्हणून मी आधी बघते की खरेदीला बँकेचं कर्ज होतं का. कर्ज घेणाऱ्याला जास्तीत जास्त रक्कम कागदावर हवी असते, त्यामुळे ते आकडे खऱ्याच्या जवळ असतात. आणि 'थोडं कॅशमध्ये' असा प्रस्ताव तुमच्यापुढे आला तर सरळ नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. शिवाय पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा ती रोख तुमच्या खरेदी किमतीत दिसणार नाही आणि नफ्यावरचा कर तुमच्याच डोक्यावर येईल.

भाचीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा, जवळपास तसाच फ्लॅट आदल्या वर्षी ८२ लाखांना गेला होता. खरेदीला कर्ज होतं. त्या शेजाऱ्यांनी चहाला बोलावलं आणि मोजूही दिलं: कार्पेट ७२. म्हणजे मीटरला १,१३,९०० च्या आसपास. त्या दराने आमच्या ७४ मीटरचे झाले सव्वाचौऱ्याऐंशी लाख. बाल्कन्या दोन्हीकडे सारख्याच, म्हणून त्या हिशेबात आणल्या नाहीत. वर्षभरात बाजार वाढला असेल, हे खरं. पण एका वर्षात बारा लाखांनी वाढला असं म्हणणाऱ्याने पुराव्याला एक तरी खत दाखवावं.

हा झाला पाया. आता यातून वजाबाकी.

गोव्यात वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि फ्लॅटचं खरं रूप जून ते सप्टेंबरमध्येच दिसतं. उन्हाळ्यात नवा रंग देऊन ठेवलेला फ्लॅट पाहून भाव ठरवू नका. शेवटचा मजला असेल तर गच्चीवर पत्र्याचं किंवा कौलांचं छप्पर आहे का बघा, आणि ते कुणाच्या खर्चाने झालं तेही विचारा. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला हात लावा. बाल्कनीच्या स्लॅबला खालून बघा: गंजाचे तांबूस डाग किंवा सुटलेलं काँक्रीट दिसलं तर आतली सळई गंजून फुगते आहे. खाऱ्या हवेत हे लवकर होतं, मिरामार-करंजाळे-दोनापावला बाजूला तर विशेष. हे काम रंगाऱ्याचं नाही. कंत्राटदाराकडून अंदाज घ्या आणि तो आकडा सरळ वजा करा. तळमजला घेत असाल तर पणजीतल्या मळा किंवा सांतिनेज भागात मुसळधार पावसात पाणी कुठवर चढतं ते समोरच्या दुकानदाराला विचारा. त्याला विकायचं काही नसतं.

पाण्याचा हिशेबही रुपयांतच करायचा. उन्हाळ्यात टँकर लागतो का, महिन्याला किती, तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो की वेगळा? पणजी शहरात मलनिस्सारणाची वाहिनी आहे; शहराबाहेर सेप्टिक टँक असेल तर तो किती वेळा उपसावा लागतो? सोसायटीच्या सेक्रेटरीकडे या प्रश्नांची उत्तरं तयार असतात. मुळात सोसायटी झाली आहे का, तेही बघा. आमच्याकडे कित्येक इमारतींत ती झालेलीच नाही, चार जण मिळून वर्गणी काढतात. तिथे लिफ्ट बिघडली की दुरुस्तीपेक्षा वर्गणी गोळा करायलाच जास्त वेळ जातो. मेंटेनन्सची थकबाकी, लिफ्ट बदलायचा प्रस्ताव, शेवटच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, एवढं मागितलं तरी चित्र स्पष्ट होतं.

पार्किंगसाठी एजंट वेगळे पैसे सांगतो. रेरा कायद्यात उघडं पार्किंग सामायिक जागेत मोडतं. तेव्हा त्याच्या नावाने लाखभर मागत असतील तर खतात नेमकं काय लिहिणार ते आधी विचारा.

पर्वरीत महामार्गालगतचा फ्लॅट असेल तर खिडकी उन्नत रस्त्याच्या कोणत्या उंचीला येते ते बघा. गाड्यांचे दिवे थेट बेडरूममध्ये येत असतील तर तेही भावात धरा. 'मोपा झाला, आता भाव वाढणारच' हे वाक्य तर तुम्ही ऐकणारच. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. जे वाढायचं ते विकणाऱ्याने मागणीत आधीच घालून ठेवलंय, त्याचे पैसे दुसऱ्यांदा कशाला द्यायचे?

कागदांतल्या त्रुटींचीही किंमत असते. ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे इमारतीत राहायला परवानगीचा दाखला, नसेल तर बँक कर्जाला का-कू करते, म्हणजे पुढे तुमचंही गिऱ्हाईक कमी. मी अशा फ्लॅटचा भाव करत नाही, उठून येते. दुसरी गोष्ट खास गोव्याची. इथल्या नागरी संहितेमुळे नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा सामायिक असते, तेव्हा खतावर दोघांच्याही सह्या लागतात. मूळ मालक वारला असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटायची प्रक्रिया, झाली का, आणि फ्लॅट कुणाच्या वाट्याला आला? वारसांपैकी एक लंडनला, एक लिस्बनला, आणि इथला भाऊ म्हणतोय 'सगळ्यांचं जमलंय हो', तर तो पूर्ण भावाचा माल नाही. विकणारा अनिवासी असेल तर टीडीएस, म्हणजे त्याला पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर, नेहमीच्या १ टक्क्याने कापायचा नसतो, दर बराच जास्त असतो आणि कापायची जबाबदारी तुमची असते. सीएला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

नवीन इमारतीतला फ्लॅट असेल तर तुलना अंतिम खर्चाची करा. बांधकाम चालू असेल तर १ एप्रिल २०१९ पासून सर्वसाधारण फ्लॅटला ५ टक्के जीएसटी आहे, परवडणाऱ्या गटात बसला तर १ टक्का. बांधकाम पुरं झाल्याचा कम्प्लिशन दाखला मिळालेल्याला तो नाही. ९० लाखांच्या नव्या फ्लॅटवर साडेचार लाख तिथेच वाढतात. गोवा रेराच्या साइटवर प्रकल्प उघडून किती फ्लॅट विकले गेले ते बघा. अर्धे पडून असतील तर बिल्डरशी बोलायला बळ येतं. आणि करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम त्याला घेता येत नाही.

भाड्याची पडताळणी दोन मिनिटांची आहे. अकरा महिन्यांच्या करारावर त्याच इमारतीत २४,००० भाडं मिळत असेल तर वर्षाचे २,८८,०००. ९६ लाखांवर ते बरोबर ३ टक्के होतात. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी आणि रिकामा गेलेला एखादा महिना काढा, मग बँकेच्या मुदत ठेवीच्या व्याजाशी ताडून बघा. राहायला घेत असाल तर हा आकडा शेवटचा शब्द नाही, पण मागणी किती फुगलेली आहे ते सांगतो. विकणारा डिसेंबरमधलं एअरबीएनबीचं उत्पन्न दाखवायला लागला तर जुलैचं मागा, आणि पर्यटन खात्याची नोंदणीही.

'बँकेने व्हॅल्युएशन केलंय म्हणजे भाव बरोबर' असं समजू नका. व्हॅल्युअर बघतो ते बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का एवढंच, आणि ठरलेला आकडा त्याला आधीच माहीत असतो. तरी अहवालाची प्रत मागा. त्यात बहुधा बाजारभावासोबत घाईत विकल्यास येणारी किंमतही असते; तो आकडा बघून मी पुष्कळांचे चेहरे उतरलेले पाहिलेत. आणि व्हॅल्युअरने ८४ लाखच धरले तर? ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्क्यांची आहे, म्हणजे ६७ लाख २० हजार. ९६ लाखांना घेतलात तर २८ लाख ८० हजार खिशातून, वर स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी वेगळी.

भाचीचा हिशेब असा संपला: सव्वाचौऱ्याऐंशीतून गळतीचे दीड लाख आणि सोसायटीची साठ हजारांची बाकी वजा. उरले साधारण ८२. आम्ही ७८ पासून सुरुवात केली, ८३ वर थांबलो. विकणारे काका सज्जन होते, पण नव्वदच्या खाली येईनात. चहा घेऊन आम्ही परत आलो. तो फ्लॅट कितीला जातो ते इंडेक्समध्ये बघायचं मी ठरवलंय.

तुमचं जमलं तर इसार देताना दोन ओळींची का होईना, लेखी पावती घ्या, आणि रक्कम चेकनेच द्या. पावतीत मोजलेलं कार्पेट, पार्किंगची जागा, थकबाकी कोण भरणार, आणि टायटल किंवा ऑक्युपन्सीत खोट निघाली तर इसार किती दिवसांत परत, हे सगळं यायला हवं. विवाहित विकणाऱ्याच्या बाबतीत या पावतीवरही दोघांच्या सह्या घ्या.