मॉक ड्रिलचा भोंगा तुमच्या घरापर्यंत पोचतो का, हे कसं तपासायचं

अणुवीज केंद्राच्या आणीबाणीचा सराव झाला की दुसऱ्या दिवशी बातमी येते ‘सराव यशस्वी’, सोबत फोटो, हेल्मेट घातलेले अधिकारी, अँब्युलन्स, स्ट्रेचर. मी त्या बातमीत एकच गोष्ट शोधते, शेवटच्या वस्तीतल्या माणसाला सूचना किती मिनिटांनी कळली आणि त्याने मग नक्की काय केलं. हे क्वचितच लिहिलेलं असतं, आणि माझ्या मते सरावाचा खरा निकाल तोच आहे, बाकी सगळी नुसती तयारी.

आता कोणी म्हणेल नाशिकमध्ये बसून याची काळजी कशाला. तारापूरचं अणुवीज केंद्र आपल्यापासून हवाई अंतराने साधारण १२० किमी, आणि केंद्राभोवती लोकांच्या सुरक्षेचं नियोजन करतात तो पट्टा १६ किमीचा, म्हणजे आपण त्यात येत नाही, तेव्हा घाबरायचं अजिबात कारण नाही. पण तारापूरजवळच्या बोईसर-पालघरला आपली कितीतरी माणसं कामाला आहेत. आणि ७ मे २०२५ ला देशभर जो नागरी संरक्षणाचा सराव झाला त्याच्या यादीत तारापूर होतं तसंच नाशिक, सिन्नर, मनमाडही होतं. सूचना पोचवायची साधनं सगळीकडे तीच ना, भोंगा, मोबाईल, पोलिसांच्या गाडीवरचा स्पीकर आणि दारोदार जाणारा माणूस. गोदेला पूर आला तरी तीच, सिंहस्थाच्या गर्दीतही तीच. अणुकेंद्रांच्या बाबतीत ही साधनं कुठे कुठे फसली ते नीट लिहून ठेवलेलं आहे, म्हणून तिथून शिकायचं आणि आपल्या गल्लीत वापरायचं.

सगळ्यात आधी साखळी समजून घ्या. आपल्याकडे केंद्राच्या कुंपणाच्या आत काय करायचं ते केंद्राचे लोक बघतात, आणि कुंपणाबाहेरच्या लोकांना सांगणं, हलवणं ही जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. म्हणजे केंद्र कलेक्टर ऑफिसला कळवणार, तिथून तहसीलदार, पोलीस, मग ग्रामपंचायत, पोलीस पाटील, आणि शेवटी घर. एवढ्या कड्या, आणि एक जरी अडकली तरी पुढचं सगळं थांबतं. फुकुशिमात ११ मार्च २०११ च्या रात्री ९:२३ ला केंद्राभोवतीच्या ३ किमीतल्या लोकांना निघायचा आदेश झाला, तेव्हा केंद्र ज्या गावात आहे तिथल्याच फक्त २० टक्के लोकांना अपघाताची माहिती होती, हे जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये लिहिलंय. जवळच्या नामिए गावचे लोक तर त्सुशिमा भागात जाऊन थांबले, आणि किरणोत्सारी ढग त्याच दिशेला गेला. वाऱ्याचा अंदाज काढणारी सरकारी यंत्रणा होती हो, पण तिचा निकाल त्या लोकांपर्यंत गेलाच नाही. जपानसारख्या सरावाची सवय असलेल्या देशात हे झालं. म्हणून सराव जाहीर झाला की तुमच्या वॉर्डात किंवा गावात शेवटची कडी कोण आहे ते नावानिशी विचारून ठेवा, आणि तो माणूस लग्नाला बाहेरगावी गेला असेल तर त्याच्या जागी कोण, हेही विचारा. या दुसऱ्या प्रश्नाला बऱ्याचदा उत्तर मिळत नाही, आणि मिळालं नाही की समजायचं इथे कडी कच्ची आहे.

मग सरावाच्या दिवशी काय करायचं. भोंग्याखाली उभं राहून व्हिडिओ काढू नका, त्याचा काही उपयोग नाही. चार-पाच जणांना ऐकणारे म्हणून नेमा आणि त्यांना जिथे ऐकू येणं अवघड आहे अशा जागी बसवा. एक जण बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये, टीव्ही आणि मिक्सर चालू ठेवून. एक जण सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यात मशीनशेजारी (तिथे शिफ्टचे भोंगे रोज वाजतात, त्यामुळे हा वेगळा आहे हे कळतं का तेही बघायचं). एक जण सराफ बाजारात ऐन गर्दीत, एक मखमलाबादकडे मळ्यात मोटर चालू असताना. आणि एक जण अशा घरी जिथे कोणाला कमी ऐकू येतं किंवा कोणी रात्रपाळी करून दुपारी झोपलंय. प्रत्येकाने घड्याळात बघून वेळ लिहायची, ऐकू आलं ती वेळ, काय आहे ते कळलं ती वेळ, आणि कळल्यावर काय केलं. ऐकलं, कळलं, केलं असे तीन रकाने, बस. ऐकू आलंच नाही तर तसं लिहायचं, ‘अंदाजे आलं असावं’ असलं काही लिहायचं नाही.

वेळ एवढी का धरायची तर अमेरिकेत थ्री माईल आयलंड अणुकेंद्राच्या १९७९ च्या अपघातानंतर नियमच झाला, केंद्राभोवतीच्या १० मैलांत, म्हणजे आपले १६ किमी, लोकांना सूचना द्यायचं ठरलं की साधारण १५ मिनिटांत पहिला इशारा जवळजवळ सगळ्यांना पोचेल आणि सूचना सांगायला सुरुवात होईल अशी व्यवस्था पाहिजे. तुम्हीही १५ मिनिटांचीच रेघ मारा, त्यापुढे कोणाला कळलं असेल तर ते घर लाल शाईने.

भोंग्याचा अर्थ लोकांना माहीत आहे का हे सरावाच्या आदल्या दिवशीच विचारून घ्या. नागरी संरक्षणाच्या पद्धतीत वरखाली होणारा आवाज म्हणजे धोका आणि एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला. दहा जणांना विचारून बघा, किती जण सांगतात. अणुकेंद्राच्या बाबतीत तर अजून एक घोळ होतो. भोंगा ऐकला की माणसाचं पाऊल आपोआप बाहेर पडतं, काय झालं बघायला गॅलरीत, गच्चीवर, कोपऱ्यावर. तिथे नेमकं उलट करायचं असतं, घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, पंखा-कूलर-एसी बंद, रेडिओ किंवा टीव्ही लावून पुढच्या सूचनेची वाट बघायची. आयोडीनची गोळी सांगितल्याशिवाय घ्यायची नाही, ती फक्त थायरॉइड वाचवते आणि तीही वेळेवर घेतली तरच. आयोडीनयुक्त मीठ फाकून काही होत नाही, एका मोठ्या माणसाच्या गोळीएवढं आयोडीन मिळवायला सहा-सात किलो मीठ खावं लागेल, तेव्हा असला मेसेज कोणी पाठवला तर तिथल्या तिथे थांबवा.

मोबाईलच्या अलर्टचं वेगळं तपासा. २० जुलै २०२३ ला सकाळी आपल्याकडे कितीतरी जणांचे फोन एकदम जोरात वाजले होते, आठवत असेल, ती दूरसंचार विभागाची सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. यात टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश जातो, नंबर लागत नाही, नेट लागत नाही. पण फोन बंद असेल किंवा फ्लाइट मोडवर असेल तर नाही येणार, आणि टॉवरच बंद पडला तर कोणालाच नाही. घरातल्या प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ शोधून चालू आहे का बघा, टेस्ट अलर्टचं बटण वेगळं असतं तेही. आजीचा बटणांचा फोन असेल तर त्यावर काय येतं ते चाचणीच्या दिवशीच कळेल, म्हणून तो मुद्दाम समोर ठेवा. आणि घरातली सगळी सिमकार्डं एकाच कंपनीची नकोत, ब्रिटनमध्ये २३ एप्रिल २०२३ च्या देशभरच्या चाचणीत एका मोठ्या कंपनीच्या बऱ्याच ग्राहकांना अलर्ट आलाच नाही. जर्मनीत तर १० सप्टेंबर २०२० च्या वॉर्निंग डेला एकाच वेळी खूप ठिकाणांहून संदेश सोडले गेले, सिस्टीम तुंबली आणि ॲपवरच्या सूचना अर्धा तास उशिरा पोचल्या.

म्हणून सरावात एक रस्ता मुद्दाम बंद करायला सांगा. आयोजकांना आधी सांगून एका वस्तीत असं धरून चालायचं की मोबाईल मेला, लाईट गेली, भोंग्याची बॅटरी उतरली. आता कळवा. पेठ, सुरगाणा, हरसूलकडे हे धरून चालायचीही गरज नाही, कितीतरी पाड्यांवर रेंज अशीही नसते. तिथे आशाताई, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी, दुधाची गाडी हेच खरं नेटवर्क आहे, आणि भाषेचंही बघायला हवं, सुरगाण्यात कोकणा आदिवासींची कोकणी, बागलाणात अहिराणी, अंबडच्या खोल्यांमध्ये हिंदी-भोजपुरी. सूचना ज्याला वाचून दाखवली त्याने आपल्या शब्दांत परत सांगायची, परत सांगता आली नाही तर ‘कळलं’च्या रकान्यात नाही लिहायचं.

संदेशातले शब्दही तपासाच. पावसाळ्यात गंगापूर धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग असा मेसेज येतो, तो कितीजणांना समजतो? पण गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी लागलं एवढं सांगितलं की पंचवटीतला दुकानदार माल वर चढवायला लागतो. अणुकेंद्राच्या सूचनेतही मिलीसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं माप) नको, कोणत्या गावांनी काय करायचं, किती वाजेपर्यंत, आणि पुढची सूचना कधी, एवढंच हवं. आणि कोणाला लागू नाही हेही हवं. थ्री माईल आयलंडला पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायका आणि शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांनी निघावं असा सल्ला दिला होता, प्रत्यक्षात अंदाजे १ लाख ४० हजार लोक घर सोडून गेले, कारण तीन दिवस उलटसुलट ऐकून कोणाचाच कोणावर विश्वास राहिला नव्हता.

आता जे सरावात जवळजवळ कोणीच तपासत नाही ते, चुकीचा अलर्ट मागे घेणं. १२ जानेवारी २०२० ला सकाळी ७:२३ ला कॅनडातल्या ओंटारियो प्रांतभर मोबाईलवर अलर्ट गेला की पिकरिंग अणुवीज केंद्रात घटना घडली आहे. घडलं काहीच नव्हतं, ड्युटी बदलताना करायच्या रोजच्या चाचणीत कर्मचारी टेस्टऐवजी लाइव्ह सिस्टीममध्ये होता. अलर्ट चुकून गेला हे सांगणारा दुसरा अलर्ट फोनवर यायला १०८ मिनिटं लागली! त्याच्या दोन वर्षं आधी, १३ जानेवारी २०१८ ला, अमेरिकेच्या हवाई राज्यात क्षेपणास्त्राचा खोटा अलर्ट गेला तेव्हा दुरुस्तीला ३८ मिनिटं लागली, कारण ‘चुकून गेला’ असा तयार मजकूरच नव्हता, आणि सरावासाठी कर्मचाऱ्यांना ऐकवलेल्या ज्या रेकॉर्डिंगवरून गोंधळ झाला त्यात ‘सराव’ हे शब्द होते तसंच ‘हा सराव नाही’ हेही वाक्य होतं. तेव्हा आयोजकांना विचारा, मागे घ्यायचा संदेश आधी लिहून ठेवलाय का, तो कोण सोडणार, वरिष्ठांची परवानगी लागते का, आणि सरावात तोही एकदा सोडून त्याची वेळ मोजा. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर सरावाचा मेसेज टाकताना सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे ‘हा सराव आहे’ लिहा, तारीख-वेळ घाला, कारण तो स्क्रीनशॉट होऊन सहा महिन्यांनी सुरतला फिरत असेल.

पाहुणे, भाविक, ट्रकवाले यांचं मी थोडक्यात सांगते, त्यांना आपला कुठलाच भोंगा माहीत नसतो, तर गोदाघाटावर आणि धर्मशाळांमध्ये निदान एक ऐकणारा ठेवा.

सराव संपला की त्याच संध्याकाळी सगळ्यांचे कागद गोळा करा, दोन दिवसांनी वेळा बदलतात, लोक एकमेकांचं ऐकून लिहायला लागतात. मग कलेक्टर ऑफिसच्या आपत्ती व्यवस्थापन शाखेला साधं पत्र, जागा, वेळ, काय ऐकू आलं नाही, शेवटच्या कडीला सूचना कधी मिळाली, दुरुस्तीला किती मिनिटं, आणि त्याच जागांवर फेरचाचणी कधी घेणार. कोणावर आरोप नको, नुसत्या वेळा पुरतात. हे लिहिणं फालतू नाही, कॅगने अणुऊर्जा नियामक मंडळावरच्या २०१२ च्या अहवालात केंद्राबाहेरच्या सरावांमधून अपुरी तयारी दिसल्याचं सरळ म्हटलंय, आणि ते त्या सरावांच्या नोंदी होत्या म्हणूनच म्हणता आलं. पत्राची एक प्रत मनपाच्या विभागीय कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत द्या, दोन्हीकडे आवक नंबर घ्या. महिनाभरात काही कळलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा, त्यात एवढंच मागा, त्या सरावाचा अहवाल आणि त्यात नागरिकांना सूचना पोचल्याच्या वेळांची नोंद.