डाउन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसाची वर्षाची तपासणी कशी करून घ्यावी

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. दुखलंखुपलं तर तो सांगत नाही. जेवण टाकतो, नाहीतर चिडतो. थायरॉइड मंदावला की नुसता सुस्त बसतो आणि नातेवाईक म्हणतात, "ही मुलं अशीच असतात." तशी नसतात. म्हणून दरवर्षी तपासणी.

१. डॉक्टरांना द्यायचा कागद आदल्या आठवड्यात लिहा: वजन, शौचाच्या तक्रारी, घोरणं, झोप, नव्याने विसरायला लागलेल्या गोष्टी. डाउन सिंड्रोममध्ये चाळिशीनंतर अल्झायमरचा धोका बराच वाढतो, त्यामुळे शेवटचा मुद्दा टाळू नका.

२. कान, डोळे, दात. कानात मळ आणि डोळ्यांत मोतीबिंदू, दोन्ही सर्रास सापडतात.

३. रक्त. खरी कसोटी इथे.

एका लॅबमध्ये तिघांनी त्याला दाबून धरलं होतं. पुढची दोन वर्षं पांढरा कोट दिसला की तो जिन्यातूनच मागे फिरायचा. दाबून धरू देऊ नका, कितीही घाई असो. "मुंगी चावेल" असंही सांगू नका. मी सांगितलं, तर हा आठवडाभर गादीखाली मुंग्या शोधत होता! सुई आहे, टोचेल, दहा मोजेपर्यंत संपेल, एवढंच सांगा.

चार दिवस आधीपासून घरी सराव करा. दंडाला ओढणी बांधायची, कोपराच्या खळगीत ओला बोळा फिरवायचा, दहा अंक मोजायचे. मग त्याने माझ्या हाताला बांधायची.

बधिर करणारं मलम डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते तासभर आधी लावून वरून प्लास्टिकने झाकावं लागतं. लॅबच्या दारात चोळून उपयोग नाही.

उपाशी नेण्याचा हट्टही सोडा. थायरॉइडला आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेला, म्हणजे एचबीएवनसीला, उपास लागत नाही. भुकेला माणूस तसाही चिडलेलाच असतो. पहिला नंबर घ्या आणि सुई टोचणाऱ्याला म्हणा, माझ्याशी नको, त्याच्याशी बोला. दोनदा टोचून नस सापडली नाही, तर सरळ घरी या. पुढच्या आठवड्यात परत जा.

४. रिपोर्ट एकाच फायलीत लावा. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या सरकारी 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं आणि त्यात बाह्यरुग्ण खर्चालाही मर्यादेत जागा आहे. मूळ बिलं मात्र जपा. मी एकदा झेरॉक्सवर भागवायला गेले आणि पैसे बुडाले.