गावात तंबाखूचं सर्वेक्षण करताय? या चुका टाळा

कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू शेतात पिकतो आणि विड्या घरोघरी वळल्या जातात. त्यामुळे इथल्या आठवी-नववीच्या मुलांनी आरोग्याचं सर्वेक्षण करायचं ठरवलं की विषय बहुधा हाच निघतो. निघावाच. पण एवढी मेहनत पंचायतीपर्यंत पोचायला हवी.

पहिला घोळ प्रश्नातच होतो. ‘तंबाखू खाता का?’ म्हणून विचारलं की मावशी ‘नाही बाई’ म्हणतात, आणि बोटाला मिश्री लागलेली असते. त्या खोटं बोलत नाहीत. दात घासायची मिश्री त्यांच्या लेखी तंबाखूत येतच नाही. म्हणून मिश्री, गुटखा, विडी, चुना लावून मळलेला तंबाखू अशी एकेक नावं घ्या आणि ‘गेल्या 30 दिवसांत एकदा तरी?’ असं विचारा. जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणातही हीच मुदत धरतात.

त्या सर्वेक्षणात 2019 साली 13 ते 15 वर्षांच्या शाळकरी मुलांमध्ये वापर देशात 8.5 टक्के, तर कर्नाटकात 1.2 टक्के आढळला. हा आकडा दाखवून ‘आपल्याकडे प्रश्नच नाही’ असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. राज्याच्या सरासरीत तुमचं गाव दिसत नाही. मात्र तुलना करताना वयोगट तोच घ्या. आणि 12 मुलांना विचारून ‘25 टक्के’ लिहू नका, सरळ ‘12 पैकी 3’ लिहा.

सगळ्यांत गंभीर चूक म्हणजे फॉर्मवर नाव लिहून घेणं. नाव नसलं तरी ‘नववी, मुलगी, अमुक गल्ली’ एवढ्यावर गाव ओळखतं, आणि त्या पोरीला घरी मार बसू शकतो. आधी पालकांची परवानगी घ्या. फॉर्म घडी घालून बंद डब्यात टाकू द्या. तक्त्यात छोटे गट एकत्र करा. विश्वास एकदा गेला की पुढच्या वर्षी कुणी दार उघडणार नाही.

कर्नाटकात शाळेपासून 100 मीटरच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. मुलं रस्त्यानं टेप ओढत जातात आणि वळणामुळे टपरी हद्दीबाहेर जाते. अंतर शाळेच्या आवाराच्या भिंतीपासून सरळ रेषेत धरायचं असतं.

विड्या वळणाऱ्या बायकांना दोष देऊ नका. त्यांचं पोट त्यावर आहे. मागणी एकच ठेवा: शाळेजवळची विक्री बंद.

मुलांच्या ग्रामसभेत, म्हणजे मक्कळ ग्रामसभेत, मराठीत जरूर बोला, पण अर्ज कन्नडमध्येही द्या. कन्नड माध्यमातला मित्र तो लिहून देईल, त्यालाही गटात घ्या. पीडीओंकडून, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून, अर्जाची पोच घ्या, आणि पुढच्या सभेला तीच पोच घेऊन जा.