खान्देशात नवं नाटक उभं करताना: खर्ड्यापासून पहिल्या प्रयोगापर्यंत

नवं नाटक पडतं ते बहुतेक वेळा तालमीच्या आधीच. संहिता हातात आली की लगेच पात्रवाटप, लगेच ब्लॉकिंग (रंगमंचावर कुणी कधी कुठे उभं राहायचं ते ठरवणं), आणि दोन महिन्यांनी लक्षात येतं की दुसरा अंक चालतच नाही. तोवर पाठांतर झालेलं असतं, नेपथ्याची लाकडं कापलेली असतात, स्पर्धेची तारीख तोंडावर आलेली असते. अशा वेळी दहा पानं नव्याने लिहायची म्हटलं की कुणीच तयार होत नाही, लेखकही नाही. म्हणून ज्या संस्थेला नवी नाटकं घडवायची आहेत, तिने तालमीआधीचे चार महिने फक्त संहितेसाठी राखून ठेवावेत.

हे महिने ठरवताना आधी शेताकडे बघा. जूनमध्ये पेरण्या, दिवाळीनंतर कापसाची वेचणी. राज्य हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सहसा हिवाळ्याच्या तोंडावर येते. तिथून मागे मोजत या: सप्टेंबर-ऑक्टोबरला तालीम, ऑगस्टअखेर संहिता पक्की, जुलैत दुसरं वाचन, मे महिन्यात पहिलं. मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो, त्यामुळे वाचन संध्याकाळी सातनंतरच ठेवा. पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी नाटक ऐकणाऱ्याचं लक्ष पंख्याकडे असतं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात वाचन ठेवू नका, निम्म्या स्त्री-कलाकार माहेरी गेलेल्या असतात. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे इथल्या देवीच्या उत्सवाच्या रविवारीही तसंच. जळगावात तालीम असेल आणि कलाकार अमळनेर, धरणगाव किंवा नंदुरबारहून सुरत-भुसावळ मार्गाने येणार असतील, तर परतीची गाडी पाहूनच वेळ संपवा. शेवटचा प्रवेश नेहमी घाईत झाला, तर प्रयोगातही तो घाईतच होतो.

पहिलं वाचन

सहा ते आठ वाचक पुरतात. रंगसूचना वाचायला वेगळा माणूस हवा. पात्र वाचणाराच मध्येमध्ये 'दार उघडतो, पाणी पितो' म्हणू लागला की संवादाची लय तुटते. प्रत एका बाजूला छापलेली, अक्षर 14 पॉइंट, प्रत्येक ओळीला क्रमांक आणि तळाला 'खर्डा 2' व तारीख. ओळ क्रमांक नसेल तर अर्धा तास 'ते मामाचं वाक्य, नाही नाही, त्याच्या आधीचं' यातच जातो. तारीख नसेल तर सप्टेंबरमध्ये दोन नट दोन वेगवेगळ्या खर्ड्यांचे संवाद पाठ करून येतात.

लेखकाने स्वतः वाचू नये आणि मध्ये काही समजावूनही सांगू नये. त्याने मागे बसून फक्त एक करावं: जिथे खुर्च्या कुरकुरतात, कुणी मोबाइल उलटा करतं, वाचक अडखळतो, तिथे समासात खूण करावी. वाचक एकाच ओळीवर दोनदा अडखळला तर बहुधा वाक्यच लांब आहे. प्रत्येक प्रवेशाची वेळ घड्याळ लावून लिहा. बसून वाचताना 70 मिनिटं झालेलं नाटक हालचाली, शांतता आणि प्रवेशबदल धरून 85 ते 90 मिनिटांवर जातं.

चर्चेचा क्रम पाळणं फार महत्त्वाचं. आधी फक्त तीन प्रश्न: गोष्ट काय घडली ते सांगा, कंटाळा कुठे आला, कोणत्या पात्राला काय हवं होतं ते कळलं का? पहिल्या प्रश्नाला पाच जणांनी पाच गोष्टी सांगितल्या तर गुंता मुळात आहे, भाषा घासून तो सुटणार नाही. 'शेवट असा करा' ही सूचना पहिल्या बैठकीत घेऊच नका. ती मान्य झाली की नाटक समितीचं होतं आणि लेखकाचा त्यातला जीव जातो. दोष ऐकणाऱ्यांनी दाखवावा, उपाय लेखकाने शोधावा.

पहिल्या खर्ड्यात हमखास सापडणारा दोष म्हणजे माहिती देणारं वाक्य. मुलगा बापाला म्हणतो, 'बापू, तुम्हाला माहीतच आहे, गेल्या वर्षी आपण सोसायटीचं कर्ज काढून विहीर खणली.' बापाला जे माहीत आहे ते मुलगा कशाला सांगेल? त्याऐवजी मुलगा घरात येतो, कोनाडा चाचपतो आणि विचारतो, 'सोसायटीना कागद कोठे शे?' बाप उत्तर देत नाही. कर्ज, लपवाछपवी, दोघांमधला ताण हे सगळं या एका ओळीत आलं.

बोलीचं काय करायचं

खान्देशची बोली एक नाही. धुळ्याकडची अहिराणी, रावेर-यावलची लेवा गणबोली, नंदुरबारच्या डोंगरातली पावरी, मावची, भिली. अहिराणी पात्र 'शे' म्हणतं, लेवा पात्र 'हाये' म्हणतं. दोन्ही एका घरातल्या सख्ख्या भावांच्या तोंडी घातली तर इथला प्रेक्षक लगेच ओळखतो आणि पुढचं नाटक ऐकायचं सोडून चूक मोजत बसतो. म्हणून संहितेच्या पहिल्या पानावर प्रत्येक पात्राचं गाव आणि बोली लिहा, आणि त्या गावच्या माणसाकडून ते संवाद मोठ्याने म्हणवून घ्या. छापील मराठीतून शब्दाला शब्द लावून केलेली अहिराणी तोंडात बसत नाही; संवाद मुळातच बोलीत सुचायला हवा. लेखकाला बोली येत नसेल तर पात्र प्रमाण मराठीत बोलू द्या, ते जास्त प्रामाणिक. आणि बोली फक्त गड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी ठेवू नका. डॉक्टरही घरी अहिराणी बोलतो.

दुसरं वाचन नाटकाबाहेरच्या 15-20 माणसांसमोर करा: शिक्षिका, जिनिंगमधला कामगार, परिचारिका, कॉलेजची मुलं. दोन वाचनांमध्ये लेखकाला किमान तीन आठवडे मोकळे द्या. त्यानंतर सलग पाच संध्याकाळी, प्रती हातात घेऊन उभ्याने वाचन. इथे जमिनीवर खडूने दारं आखा. बसून वाचताना न दिसलेली चूक आता दिसते: एक पात्र कारणाशिवाय वीस मिनिटं गप्प उभं असतं, किंवा कपडे बदलायला दोनच ओळी मिळतात.

कागदपत्रं

लेखक संस्थेचाच सभासद असला तरी लेखी करार करा. स्वामित्व हक्क लेखकाचा. कायद्याने तो त्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. करारात संस्थेला किती काळ, किती प्रयोगांचा हक्क, मानधन किती, आणि लेखकाच्या संमतीशिवाय ओळ बदलायची नाही, एवढं तरी असावं. कथा दुसऱ्याची असेल तर तिची परवानगी पहिल्या खर्ड्याआधी घ्या, नंतर मागितली की चार महिने पाण्यात जाऊ शकतात.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं प्रमाणपत्र प्रयोगाआधी लागतं, आणि ते मिळतं तुम्ही पाठवलेल्या संहितेला. म्हणून घाईने तिसरा खर्डा पाठवून पाचवा रंगमंचावर आणू नका. संहिता पक्की झाल्यावर पाठवा आणि तालमीचा काळ हाताशी असतानाच पाठवा.

पहिला प्रयोग मोठ्या नाट्यगृहात लावायचा मोह टाळा. शंभर-दीडशे खुर्च्यांचा शाळेचा हॉल बरा, कारण कुजबुज आणि शांतता दोन्ही तिथे तपासता येतात. खुल्या नाट्यगृहात वारा माइकमध्ये शिरतो आणि हळू बोललेली वाक्यं हरवतात. तिथे जायच्या आधी तसे प्रवेश वेगळे बसवून घ्या. पहिल्या तीन प्रयोगांना लेखकाने प्रेक्षकांत बसावं, दर वेळी वेगळ्या रांगेत. त्यातून निघालेले बदल एकाच प्रतीवर लाल शाईने करावेत, आणि त्या प्रतीवर लेखक व दिग्दर्शक दोघांची सही घेऊन बाकीच्या सगळ्या जुन्या प्रती परत गोळा कराव्यात.