टॉडमॉर्डनमधल्या जुन्या घराची माणसं कशी शोधावीत

टॉडमॉर्डन हे उत्तर इंग्लंडमधलं सूतगिरण्यांचं गाव. १८८८ पर्यंत लँकेशायर-यॉर्कशायर या दोन काउंटींची (जिल्ह्यांसारख्या विभागांची) हद्द थेट त्याच्या टाउन हॉलमधून जात होती, म्हणून त्याआधीची नोंद दोन्ही काउंटींत शोधा. टॉडमॉर्डन-वॉल्सडेन रॉचडेल पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीतल्या विभागात) होतं, शेजारचे लँगफिल्ड आणि स्टॅन्सफिल्ड हॅलिफॅक्समध्ये. न सापडणारं कुटुंब बरेचदा नदीच्या, म्हणजे हद्दीच्या, पलीकडच्या दप्तरात असतं.

सुरुवात १९२१ च्या जनगणनेपासून करा आणि दहा-दहा वर्षं मागे जा. (१९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत जळाली, त्या काळासाठी १९३९ चं रजिस्टर, म्हणजे युद्धाच्या सुरुवातीला केलेली लोकांची नोंद, पाहा.) घरक्रमांकावर विसंबू नका, ते बदलतात. गणना करणारा सहसा ओळीने घरं घेई, म्हणून जवळचा पब किंवा चॅपल ही खूण धरा. मग स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचा, १८९० च्या दशकातला पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच या प्रमाणाचा) नकाशा शेजारी ठेवून घरं मोजा. हे काम घाईत करू नये.

१८४१ ची जनगणना फसवी आहे. पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात. ३९ चा विणकर ३५ चा दिसतो. जन्मगाव नसतंच; स्कॉटलंड, आयर्लंड किंवा परदेशातला जन्म असल्यास तशी खूण, एरवी फक्त ‘याच काउंटीत जन्म का?’ याचं उत्तर असतं. त्यामुळे पूल ओलांडून आलेली सूनही काउंटीबाहेरची ठरते.

सरकारी जन्मनोंद १ जुलै १८३७ पासून. त्याआधी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. मेथडिस्ट, बाप्टिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या चॅपलच्या बऱ्याच वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.